क्लच डाव्या हातात, किल्ली आपल्या हातात

आज आपण मोटरसायकल शिकण्याबद्दल बोलणार आहोत. स्कूटी नव्हे, गिअरची मोटरसायकल. तुमच्या अंगणात नाहीतर गोठ्याशेजारी उभी असते ना, तीच.

बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की हमखास कुणीतरी म्हणतं, "बाईमाणसानं शिकायचीच तर स्कूटी शिकावी, गिअरची गाडी कशाला?" स्कूटी शिकायला सोपी, यात वाद नाही. पण आपल्या गावात किती घरांत स्कूटी आहे? शंभर सीसीची मोटरसायकल मात्र बऱ्याच घरांत असते. घरधनी शेतावर असतात, नाहीतर कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून तालुक्याला गेलेले असतात. आपली गाडी दारात आणि किल्ली खुंटीला. नेमकी त्याच वेळी सासूबाईंना धाप लागते. किंवा गटाचा हप्ता भरायची शेवटची तारीख असते. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. मग आपण काय करतो? शेजारच्या पोराला हाक मारतो. तो पोरगा नववीत असतो, आणि गाडी चालवतो म्हणून घरात त्याचं कौतुक असतं. त्याच घरातली पस्तीस वर्षांची, उभा संसार पेलणारी बाई मात्र "तुला नाही जमायचं" हे ऐकत असते.

कायदा याच्या उलट सांगतो. गिअरची मोटरसायकल चालवायला वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात बदल झाला. तेव्हापासून अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने खुंटीवरची किल्ली त्या पोराची नाही. लायसन्स काढलं तर ती तुमची आहे.

घरात जे वाहन आहे तेच शिकायचं, ही कल्पना काही माझी नाही. १९९० नंतरच्या वर्षांत तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेची मोठी चळवळ झाली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. अक्षरओळखीबरोबर गावोगावच्या बायकांना सायकलही शिकवली गेली. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, अंगणवाडी सेविका, सगळ्याजणी शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्या बायकांनी मधल्या दांडीच्या, पुरुषांच्या सायकली घेतल्या. काहींना तर त्याच बऱ्या वाटल्या, कारण दांडीवर लेकराला बसवता येतं! आपली मोटरसायकल म्हणजे तीच दांडीची सायकल समजा.

आता कामाला लागू.

पहिलं काम शिकाऊ परवान्याचं. रस्त्यावर सरावासाठीसुद्धा तो लागतोच. परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. आधार असेल तर रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पाहून घरबसल्या परीक्षाही देता येते, आणि प्रश्न मराठीत असतात. फक्त आधी आपल्या आधारला कुणाचा मोबाईल नंबर जोडलाय ते बघा. पुष्कळ बायकांच्या आधारला नवऱ्याचा नाहीतर दिराचा नंबर असतो. मग ओटीपी त्यांच्या फोनवर जातो आणि अर्ज तिथंच अडकतो. वय चाळीसच्या पुढे असेल तर डॉक्टरांचा दाखलाही लागतो.

अर्ज भरताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. "गिअरसह मोटरसायकल" हाच प्रकार निवडा. बिनगिअरचं लायसन्स काढलं, तर त्यावर मोटरसायकल चालवता येत नाही. गिअरचं काढलं, तर त्यावर स्कूटीही चालते. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तो निघाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर तांबड्या रंगात "एल" लावायचा. मागे बसेल तो फक्त शिकवणारा, आणि त्याच्याकडे स्वतःचं पक्कं लायसन्स हवं. या काळात लेकराला, सासूला, दुधाच्या कॅनला गाडीवर जागा नाही.

शिकवायला कोण घ्यावं? नात्यातलंच माणूस हवं असं नाही. ज्याचा आवाज चढत नाही, ते माणूस घ्या. नवरा शांत असेल तर उत्तम. नसेल तर भाऊ, भाचा, किंवा आधी शिकलेली मैत्रीण. ओरडणाऱ्या माणसापुढे हात आखडतात, आणि या गाडीला सैल हात लागतात. सायकल येत नसेल, तर आधी आठ-दहा दिवस सायकल शिका. तोल सायकलवर कळतो. मग मोटरसायकलवर हातापायांची कामंच तेवढी शिकायची राहतात.

जागा सपाट आणि मोकळी हवी. आठवडी बाजाराचा माळ बाजार नसलेल्या दिवशी चालेल, कापणी झालेलं टणक रानही चालेल. बारीक खडी आणि वाळू टाळा.

कपड्यांचंही सांगते. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी कमरेला गच्च बांधा. पाचवारी साडीत पाय फाकवून बसणं अवघड जातं, म्हणून साडी नेसणाऱ्या पुष्कळजणी शिकण्यापुरता ड्रेस घालतात. नऊवारीचा काष्टा असेल तर प्रश्नच मिटला, फक्त पदर नीट खोचून घ्या. पायात पट्ट्याची सँडल किंवा बूट घाला. साधी चप्पल गिअरवरून सटकते. काचेच्या बांगड्या काढून ठेवा. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, कान झाकणारं, आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेलं. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, तेव्हा केस खाली वेणीत घ्या.

पहिल्या दिवशी इंजिन सुरूच करायचं नाही. या गाडीचं वजन साधारण ११० किलो असतं आणि बहुतेकींना भीती त्याचीच वाटते. पण गाडी उचलायची नसते, नुसती सरळ धरायची असते. सरळ उभी गाडी हलकी लागते, कलली की जड होते. आधी डाव्या बाजूला उभं राहून दोन्ही हातांनी हँडल धरा आणि गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत अंगणात चार फेऱ्या मारा. वळवा, मागे घ्या, स्टँडवर लावा, काढा. मग डावीकडूनच गाडीवर बसा. दोन्ही पाय टेकत नसतील तर कंबर जरा डावीकडे सरकवून डावा पाय पक्का टेकवा, तेवढं पुरतं. उजवीकडे सायलेन्सर असतो. तो तापला की पोटरी भाजते, म्हणून चढणं-उतरणं डावीकडूनच.

गाडी पडली तर? शिकताना पडतेच. ती कलायला लागली तर ताकद लावून धरू नका, सोडून द्या आणि बाजूला व्हा. मग किल्ली बंद करा. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवा, म्हणजे उभी केल्यावर ती पलीकडे पडणार नाही. सीटला पाठ लावून खाली बसा. एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची पकड धरा, आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उठा. भरलेली घागर उचलताना आपण गुडघ्यात बसतो, कमरेत वाकत नाही. इथेही तसंच.

दुसऱ्या दिवशी कोणाचं काम काय ते पाठ करा. उजव्या मुठीत रेस आणि पुढचा ब्रेक. उजव्या पायाखाली मागचा ब्रेक. डाव्या पायाखाली गिअर. आणि डाव्या हातात क्लच. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांत चारही गिअर पायाच्या पुढच्या भागाने दाबून पडतात, आणि टाचेने दाबलं की एकेक कमी होतो. काही गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात. आपल्या गाडीचं कसं आहे ते विचारून घ्या. मीटरवर हिरवा दिवा लागला म्हणजे गाडी न्यूट्रलला आहे.

आता क्लच. माझ्या मते मोटरसायकल शिकणं म्हणजे निम्म्याहून जास्त क्लच शिकणं आहे, म्हणून तो आतून काय करतो ते समजून घेऊ. अशी कल्पना करा, की दोन ताटं एकमेकांना चिकटवून उभी धरली आहेत. एक ताट इंजिन फिरवतं. दुसरं ताट गिअरमधून मागच्या चाकाला जोडलेलं आहे. क्लच दाबला की ताटं सुटी होतात. इंजिन आपलं फिरत राहतं, चाकाला काही कळत नाही. क्लच सोडला की ताटं घट्ट चिकटतात आणि चाक इंजिनाबरोबर फिरतं. या दोहोंच्या मध्ये एक जागा असते, तिथं ताटं एकमेकांना घासत-घासत धरायला लागतात. तो हाफ क्लच. थांबलेलं चाक आणि फिरणारं इंजिन यांची सोयरीक तिथं जुळते. एकदम सोडलात, तर थांबलेल्या चाकावर फिरतं इंजिन आदळतं. गाडी उडी मारते आणि बंद पडते.

म्हणून तिसऱ्या दिवसाचा धडा एवढाच. क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका, रेस अजिबात देऊ नका. आता क्लच मुंगीच्या पावलाने सोडा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होईल आणि गाडी पुढे सरकू पाहील. तीच जागा. तिथं हात थांबवा, गाडी हातभर सरकू द्या, पुन्हा क्लच दाबा आणि थांबा. पाय जमिनीवरच राहू द्या. असं वीस वेळा, तीस वेळा करा. कंटाळवाणं आहे, पण भाकरी थापताना हाताला पिठाचा अंदाज येतो, तशी ही जागा हाताला कळते. एकदा कळली की विसरत नाही. क्लच फार जड लागत असेल तर तुमच्या हातात जोर नाही असं समजू नका. मेकॅनिककडे क्लचची वायर दाखवा. तेल घातल्यावर किंवा वायर बदलल्यावर जुनी गाडीही बोटांनी दबते.

चौथ्या-पाचव्या दिवशी थोडी रेस द्या, गाडी सरकली की पाय वर घ्या. दहा पावलं जाऊन थांबा. थांबताना रेस सोडायची, ब्रेक लावायचा, आणि गाडी थांबायच्या जरा आधी क्लच दाबायचा. मग डावा पाय खाली, उजवा ब्रेकवरच. हे जमलं की दुसरा गिअर. गिअर बदलताना दर वेळी तेच करायचं: रेस सोडा, क्लच दाबा, गिअर टाका, क्लच हळू सोडा, रेस द्या. पायाकडे बघू नका. नजर जिथं जाते तिथं गाडी जाते. खड्ड्याकडे टक लावून बघाल तर खड्ड्यातच जाल. वळणावर वळणाच्या शेवटाकडे बघायचं.

मैत्रिणींनो, आता सांगते ते एखाद्या दिवशी हाडं वाचवेल. शिकणारं माणूस घाबरलं की मुठी आवळतं. उजवी मूठ आवळताना रेस पिळली जाते आणि गाडी जास्तच पळते. विजेच्या खांबाला, गोठ्याच्या भिंतीला गाड्या जातात त्या अशाच. यावर मोटरसायकलीत एक उपाय आहे, जो स्कूटीत नाही. डावा हात दाबा. क्लच दाबला की इंजिन कितीही ओरडलं तरी त्याचा जोर चाकापर्यंत पोचत नाही. मग ब्रेक लावून गाडी थांबवता येते. "घाबरलं की डावा हात" हे तोंडपाठ करा. शिकवणाऱ्याला चालता-चालता अचानक "डावा!" असं ओरडायला सांगा. विचार न करता हात दाबला जाईल, तोपर्यंत मैदान सोडू नका.

ब्रेकबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे, की पुढचा ब्रेक लावला की माणूस हँडलवरून फेकलं जातं. म्हणून कित्येकजण नुसता मागचाच लावतात. खरं तर थांबताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत लावायचे. झटका द्यायचा नाही. वाळूवर, मुरमावर, ओल्या शेणावर आणि हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक फार जपून. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत दोन्ही ब्रेक जोडलेले असतात, किंवा एबीएस तरी असतं. तरीही दोन्हींची सवय ठेवाच.

मैदानात दहा-पंधरा दिवस रोज अर्धा-पाऊण तास झाला, की गावातल्या कमी वर्दळीच्या रस्त्यावर सकाळी निघा. घाटात नाहीतर उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून किंवा न्यूट्रल करून सोडणारे पुष्कळ दिसतात. त्यांचं बघून तसं करू नका. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. उसाच्या हंगामात अंधार पडल्यावर शिकाऊंनी रस्त्यावर जाऊच नये. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसेल, तर ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. साइड स्टँड वर घेतला का, हे निघताना दर वेळी बघा. तो खाली राहिला तर डाव्या वळणाला जमिनीवर टेकतो आणि गाडी पाडतो.

पक्क्या लायसन्सच्या परीक्षेत गाडी आठाच्या आकड्यात फिरवायला लावतात आणि पाय टेकू द्यायचा नसतो. इथं पुन्हा हाफ क्लचच कामाला येतो. पहिला गिअर, हाफ क्लच, मागच्या ब्रेकवर हलकासा पाय, आणि नजर पुढच्या वळणावर. मैदानात दोन विटा ठेवून त्यांच्याभोवती सराव करा. बऱ्याच तालुक्यांना आरटीओचं शिबिर ठरल्या दिवशी भरतं. गटातल्या चौघींनी एकाच दिवसाची वेळ घेतली तर जाणं-येणंही सोपं होतं आणि धीरही येतो.

एकटीने शिकण्यापेक्षा गटाने शिकणं केव्हाही बरं, त्याची कारणं दोन. एक, लोकांचं बोलणं. एकटी बाई मैदानात गाडी घेऊन उतरली की पारावरचे बघतात. सहाजणी उतरल्या की तिसऱ्या दिवशी त्यांचं बघणं संपतं. दुसरं, गाडी. एकीच्या घरची गाडी आज, दुसरीच्या घरची उद्या, म्हणजे कुणा एकीवर पेट्रोलचा भार नाही आणि घरात रोज विचारणाही नाही. पेट्रोलसाठी महिन्याला थोडी वर्गणी काढा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. ज्या गाडीवर शिकायचं तिचा विमा चालू आहे का, ते आधी तपासा. लायसन्स नसताना अपघात झाला तर विमा कंपनी आडवी येऊ शकते, आणि मग घर उघड्यावर पडतं. आधी लायसन्स म्हणते ते यासाठीच.

घरी विरोध झाला तर भांडू नका, कामं मोजून सांगा. आमच्या एका गटातल्या ताईंनी सासऱ्यांना महिन्याभराच्या फेऱ्यांची यादीच वाचून दाखवली. दवाखाना, बँक, रेशन, खताचं दुकान, पोरांची शाळा. कोणत्या फेरीला कुणाच्या किती मिनत्या केल्या आणि वडापला किती पैसे गेले, तेही शेजारी लिहिलं होतं. सासरे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आधी ब्रेक बघून घेऊ गाडीचे." होकार असाही असतो.

तेव्हा या आठवड्यात दोनच कामं करा. आधारला नंबर कुणाचा आहे ते बघा. आणि संध्याकाळी अंगणातल्या गाडीवर, इंजिन बंद ठेवून, पाच मिनिटं बसा. डावा हात क्लचवर ठेवा, दाबा, आणि अगदी हळू सोडा. पुढच्या बैठकीत कुणीकुणी केलं ते मी विचारणार आहे. नमस्कार.